मक्याच्या भेंडाचे देव

(कुळगी येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



देव जड असावा की हलका, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कुळांच्या पूर्वजांवर एके काळी देव उचलून नदी ओलांडण्याचा प्रसंग आला, त्यांच्या वंशजांनी तरी तो पोरकट मानू नये. कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. इ. स. १५६० नंतरच्या काही वर्षांतील ही स्थलांतरे प्रत्येक महाजन घरात आजही सांगितली जातात. सांगताना मात्र देव कोठून निघाला आणि कोठे स्थिरावला एवढेच सांगितले जाते. त्याचे वजन किती होते, तो कोणाच्या खांद्यावर होता, वाटेत किती वेळा खाली टेकवावा लागला, याविषयी परंपरा मूक आहे. पाषाणाचे लिंग किंवा धातूची मूर्ती काळोखात होडीवर चढविणे म्हणजे काय, याचा विचार क्वचितच कोणी करतो. या काळी नदीच्या खोऱ्यातील मंडळींना तो अधिक सहज करता येईल. सुपे गाव आणि आसपासची गावे धरणाच्या पाण्याखाली गेली आणि कित्येक कुटुंबांना रामनगरास नवी घरे मांडावी लागली, ही काही पुराणातील गोष्ट नव्हे. देव्हारा उचलणे म्हणजे काय, हे येथील घराघरांना ठाऊक आहे.

सोळाव्या शतकात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेक्सिको देशाच्या मिचोआकान प्रांतात, आणखी एका समाजावर परकी सत्ता आणि परका धर्म चालून आला. त्या समाजाचे नाव पुरेपेचा. स्पॅनिश लोक त्यांना तारास्को म्हणत. या लोकांचे देव वजनाने अतिशय हलके होते, असे जुने ग्रंथकार सांगतात, कारण ते मक्याच्या ताटातील भेंडाचे केलेले असत. ते देव वाचले नाहीत. परंतु ते घडविण्याची कला वाचली, आणि ती वाचली कोठे, तर ज्या धर्माने ते देव मोडले त्याच धर्माच्या देवळांत. आजच्या व्याख्यानाचा विषय ही कला आहे. आणि तिच्या अनुषंगाने आपल्याकडील काही गोष्टींचाही विचार करावयाचा आहे.

प्रथम मक्याविषयी दोन शब्द. मका, मिरची, काजू, अननस, पपई, पेरू ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. अननस आणि काजू ही नावे तर पोर्तुगीज भाषेच्या मार्गाने आपल्याकडे आली. आपल्या एकादशीला चालणारा राजगिरादेखील त्याच खंडाचा पाहुणा आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. मेक्सिकोतील आस्तेक लोक राजगिऱ्याचे पीठ गोड रसात मळून त्याची देवमूर्ती करीत, तिची पूजा करीत आणि शेवटी तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना हा प्रकार आपल्याच पवित्र भाकरीच्या विधीची सैतानी नक्कल वाटला, आणि तो त्यांनी बंद पाडला. राजगिऱ्याचे लाडू मात्र तेथे अजून होतात. आपल्याकडेही होतात, आणि चवीत फारसा फरक नसावा.

हे लोक अन्नाचे देव करीत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. मका हे त्यांचे केवळ पीक नव्हते. मनुष्यदेह मक्याचा घडला, अशी मध्य अमेरिकेतील काही समाजांची श्रद्धा होती. अशा लोकांनी देवाचा देह मक्याच्या ताटाचा करावा, यात नवल नाही.

आता कृतीकडे वळू. हल्याळकडच्या शेतांत मका पाहिलेल्या कोणालाही त्याचे ताट ठाऊक असते. वरची साल कडक आणि आत पांढरे, हलके, किंचित स्पंजासारखे भेंड. जोंधळ्याच्या ताटाच्या भेंडापासून मुले बैलगाड्या करतात, तीच जात. पुरेपेचा कारागीर मक्याची ताटे तोडून, सोलून आतील भेंड वाळवीत आणि ते कुटून त्याची पूड करीत. या पुडीत एक विशिष्ट चिकटा मिसळला जाई. हा चिकटा झाडावर वाढणाऱ्या आमरीच्या खोडाशी असलेल्या फुगीर, कांद्यासारख्या भागापासून काढीत. त्याला त्यांच्या भाषेत ‘तात्सिंगेनी’ म्हणत. येथील रानात पावसाळ्याच्या तोंडी सीतेची वेणी झाडाच्या फांदीवरून लोंबते, ती याच आमरीकुळातील. भेंडाची पूड आणि आमरीचा चिकटा यांचा लगदा कणकेसारखा मळला की त्याला हवा तो आकार देता येतो. तो वाळला की घट्ट होतो आणि तरीही कापसासारखा हलका राहतो.

केवळ लगद्याची मूर्ती उभी राहणार नाही, म्हणून आत सांगाडा लागे. मक्याची वाळलेली पाने घायपातीच्या जातीच्या झुडपाच्या दोऱ्यांनी आवळून धडाचा आणि हातापायांचा ढोबळ आकार बांधीत. बोटांच्या ठिकाणी पक्ष्यांच्या पिसांचे देठ घालीत असल्याचेही वर्णन आढळते. कित्येक मूर्तींत आतून कागद लावून पोकळ धड तयार केलेले दिसते. हातपाय आणि बारीक कोरीव भागांसाठी कधी कधी एक मऊ, हलके लाकूड वापरीत, आणि ते लाकूड पांगाऱ्याच्या जातीचे. तेथला पांगारा आणि आपला पांगारा एकाच कुळातील भावंडे होत. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळे ज्या लाकडाची होतात त्यांत पांगारा आहेच. सांगाड्यावर लगद्याचे थर चढवून अंगप्रत्यंग घडविले की वर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप देत आणि त्यावर त्वचेचा रंग, जखमा, रक्ताचे ओघळ तैलरंगांत रंगवीत. रंगकामाची ही शेवटची पायरी स्पॅनिश कारागिरांकडून आलेली. म्हणजे मूर्तीचे मांस त्या भूमीचे आणि त्वचा युरोपची, असा हा संकर आहे.

इतिहास सांगताना तारतम्य राखले पाहिजे. पुरेपेचा लोक स्पॅनिश स्वारीपूर्वी असे देव करीत, याचा एकही नमुना आज शिल्लक नाही. त्याविषयीचा मुख्य आधार धर्मगुरूंच्या लेखनाचा. फ्रान्सिस्कन पंथाचे आलोन्सो दे ला रेआ यांचा ग्रंथ १६४३ साली छापला गेला, तर आगस्टिनियन पंथाचे माथियास दे एस्कोबार यांनी १७२९ च्या सुमारास लिहिले. एस्कोबार सांगतात की या लोकांनी देव हलक्या द्रव्याचे केले ते ते सहज उचलून नेता यावेत म्हणून. पण स्वारी झाली १५२२ साली; म्हणजे हे लेखन दोनशे वर्षांनंतरचे. शिवाय कागदाच्या लगद्याच्या मूर्ती स्पेनमध्येही होत असत. त्यामुळे या तंत्रात युरोपचा वाटा किती आणि मूळचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि आमरीचा चिकटा आणि मक्याचे भेंड ही काही स्पेनहून आलेली सामग्री नव्हे. हात मूळचे होते, एवढे निश्चित मानण्यास हरकत नसावी.

पुरेपेचांची राजधानी पात्स्कुआरो सरोवराच्या काठी त्सिंत्सुन्त्सान येथे होती. १५२२ साली राजा शरण गेला; तरीही १५३० साली नुन्यो दे गुस्मान या क्रूर अधिकाऱ्याने त्याला ठार केले. प्रजा रानोमाळ पांगली. अशा उद्ध्वस्त प्रांतात १५३८ साली पहिला बिशप म्हणून आला तो वास्को दे किरोगा. हा मूळचा कायदेपंडित आणि न्यायाधीश. वयाच्या उतरणीवर धर्मगुरू झालेला. त्याने गावोगाव रुग्णालये आणि आश्रयवसाहती काढल्या, हस्तव्यवसायांना उत्तेजन दिले. तेथील लोक त्याला आजही ‘ताता वास्को’, म्हणजे बाबा वास्को, म्हणतात. याच किरोगाने मक्याच्या भेंडाची कला नव्या धर्माच्या मूर्तींसाठी कामास लावली. पात्स्कुआरो येथील आरोग्यदायिनी मातेची मूर्ती त्याच्याच काळातील आणि याच द्रव्याची. पुढे मातियास दे ला सेर्दा हा स्पॅनिश मूर्तिकार आणि त्याचा मिश्र रक्ताचा पुत्र लुइस यांनी हे तंत्र आत्मसात करून नावारूपास आणले, असे परंपरा सांगते. ज्यांनी शिकविले त्या पुरेपेचा कारागिरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. हे तेथेच घडले असे नव्हे.

या मूर्तींचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. मिरवणुकीत क्रुसावरचा पुरुषभर उंचीचा ख्रिस्त खांद्यावर घेऊन कित्येक तास चालावे लागे. लाकडाची मूर्ती असली तर चार-सहा माणसांची दमछाक व्हावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या मेन्दिएता या फ्रान्सिस्कन इतिहासकाराने भेंडाच्या पोकळ मूर्तींविषयी नोंद केली आहे की थोराड माणसाच्या आकाराचा हा ख्रिस्त एखादे मूलसुद्धा उचलू शकेल. यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी फारशी नाही. या मूर्ती जहाजांतून स्पेनला आणि वाटेवरच्या कनेरी बेटांत गेल्या. ग्रान कनेरिया बेटावरील तेल्दे गावच्या देवळात सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मेक्सिकोहून आलेला ख्रिस्त आहे. पुरुषाच्या उंचीची ही मूर्ती दहा किलोंहूनही कमी भरते. आपल्या देवळातील समईसुद्धा कधी कधी याहून जड असते.

एका मूर्तीची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. मेक्सिको शहराच्या दक्षिण भागातील मेहिकाल्त्सिंगो येथील ख्रिस्ताची मूर्ती तपासताना तिच्या पोकळ धडात कागद सापडले. आबेलार्दो कारिल्यो इ गारिएल या अभ्यासकाने त्यांवर लिहिलेला ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. हे कागद साधे नव्हते. त्यांवर तेथील मूळ लोकांच्या चित्रलिपीत कराच्या नोंदी होत्या: कोणी काय द्यावयाचे, किती द्यावयाचे. सरकारी दप्तराचे काम संपले, कागद रद्दीत गेले, आणि मूर्तिकाराने ती रद्दी देवाच्या अंगात भरली. कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना याचे हसूही येईल आणि थोडे गहिवरूनही येईल. स्वाऱ्यांत, आगींत आणि धर्माधिकाऱ्यांच्या होळ्यांत त्या लोकांची चित्रलिपीतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. जो दस्तऐवज कोणी जपला नाही तो ख्रिस्ताच्या छातीत चारशे वर्षे सुरक्षित राहिला. ती मूर्ती जुनी, किडकी म्हणून एखाद्या उत्साही विश्वस्ताने जाळली असती, तर तो दस्तऐवजही गेला असता.

आता गोव्याकडे यावे. गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांत मक्याच्या भेंडाच्या मूर्ती नाहीत; तेथे लाकूड आणि हस्तिदंत. परंतु हातांची कथा तीच. गोव्यात नव्या धर्माच्या मूर्ती, क्रूस, वेदीवरची नक्षी घडविण्यासाठी कारागीर कोठून आणावयाचे? लिस्बनहून येणारी जहाजे थोडी आणि त्यांतील मूर्तिकार त्याहून थोडे. काम हिंदू सुतारांकडे, चिताऱ्यांकडे आणि सोनारांकडे गेले. १५५५ साली मेक्सिकोच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने चित्रकारांची परीक्षा घेतल्याविना कोणालाही धार्मिक चित्रे काढू देऊ नये असा नियम केला होता. १५६७ साली गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने पुढचे पाऊल टाकले: ख्रिस्ती लोकांनी आपल्या पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. याच साली साष्टीतील देवळे मोडली जात होती, हे येथे विसरता येत नाही. एका हाताने देव मोडावयाचे, आणि दुसऱ्या हाताने त्या देवांच्या कारागिराला दारातून परतवावयाचे! पण मूर्ती हवी आणि हात दुसरे नाहीत, ही अडचण ठरावाने सुटत नाही. असे निर्बंध पुढेही पुन्हा जारी करावे लागले. एकच परिपत्रक दुसऱ्यांदा निघाले की पहिल्याची अंमलबजावणी कशी झाली ते कचेरीतील शिपाईसुद्धा ओळखतो.

या हातांची साक्ष आजही पाहता येते. राशोल येथील गुरुकुलात १९९४ साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय स्थापन झाले; ते २००२ पासून जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आहे. तेथील आणि अन्य संग्रहांतील हस्तिदंती बालयेशू मेंढपाळाच्या वेषात टेकडीवर बसलेला असतो, डोळे अर्धे मिटलेले, गाल हातावर टेकलेला. ध्यानस्थ मूर्ती घडविण्याची सवय ज्या बोटांना पिढ्यान्पिढ्या होती त्यांनाच ती मुद्रा सुचावी. गोव्यातील कित्येक प्रवचनपीठांना खालून आधार देणाऱ्या नागकन्या तर बोलूनचालून आपल्याच. बहुतेक कामांवर कारागिराचे नाव नाही.

काही कारागीर मात्र गोव्यात राहिले नाहीत. ज्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आज आपण जमलो आहोत, त्या जिल्ह्यात आणि शेजारच्या सागर-सोरब भागात गुडिगार नावाचा कारागीर समाज आहे. चंदनाचे आणि हस्तिदंताचे त्यांचे कोरीव काम प्रसिद्ध आहे. धर्मांतराच्या भयाने सोळाव्या शतकात आपले पूर्वज गोव्याहून निघाले, अशी त्यांच्यात परंपरा सांगितली जाते. देव निघाले, महाजन निघाले, तसेच देव घडविणारेही निघाले. आणि हेच गुडिगार लग्नातील बाशिंगे करतात ती भेंडाची! ओलसर जागी वाढणाऱ्या एका झुडपाचे पांढरेशुभ्र भेंड पातळ सोलून, कापून त्यांची फुले आणि कळ्या करावयाच्या. वर मक्याचे भेंड आणि हे भेंड या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, हे खरे. पण जी वस्तू खत होऊन जावयाची तिच्यात पावित्र्य पाहणारी दृष्टी एकच आहे.

आपल्या शास्त्राला ही दृष्टी परकी नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्राची, वाळूची, रत्नाची आणि मनाने कल्पिलेली. यांतील लेप्य म्हणजे लेप, लगदा, माती थापून घडविलेली मूर्ती, हिला पाषाणाच्या पंगतीत बसविले आहे, खाली नाही. केरळात ‘कटुशर्करा योग’ नावाची अशी विद्या आहे. आधी लाकडाचा सांगाडा उभा करावयाचा, त्याला शूल म्हणतात. त्यावर काथ्याच्या दोऱ्या गुंडाळावयाच्या, त्या मूर्तीच्या नाड्या. त्यावर माती, वाळू, वनस्पतींचे काढे, डिंक, गूळ आदींच्या मिश्रणाचे थर चढवावयाचे. हाडे, नाड्या, मांस, त्वचा असा देहाचा क्रम पाळला जातो. तिरुवनंतपुरच्या पद्मनाभस्वामींची अठरा फूट लांबीची शेषशायी मूर्ती याच विद्येने, बारा हजार आठ शाळिग्राम आत घालून घडविली असे सांगतात. आजची मूर्ती अठराव्या शतकातील, त्रावणकोरचे राजे मार्तंडवर्मा यांच्या वेळची. लेपाच्या अशा मूर्तीवर पाणी घालता येत नाही. म्हणून अभिषेक वेगळ्या बिंबावर होतो. पुरेपेचा कारागीर आणि केरळचा शिल्पी यांची गाठ कधी पडली नाही. तरीही दोघांनी देवाचा देह बाहेरून कोरला नाही, तर माणसाच्या देहाप्रमाणे आतून बाहेर वाढविला.

आणखी जवळचे उदाहरण म्हणजे कोप्पळ जिल्ह्यातील किन्नाळ. तेथील चित्रगार घराणी हलक्या लाकडाच्या मूर्ती करतात. सांधे चिंचोक्याच्या खळीने जोडतात. तागाच्या चिंध्या, लाकडाचा भुसा आणि खळ यांचा लगदा करून त्याने अंग भरून काढतात आणि वर रंग देतात. मक्याच्या जागी ताग आणि आमरीच्या जागी चिंचोका, एवढाच फरक. कोकणातील तरंगेसुद्धा येथे आठवावीत. काठी, तिच्यावर गुंडाळलेली लुगडी, आणि ती खांद्यावर घेऊन नाचता यावी एवढाच भार. मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल आणि फिरणारा देव हलका, ही सोय आपल्या पूर्वजांनी पालखीत आणि तरंगांत केली. मेक्सिकोत एकच मूर्ती दोन्ही कामे करते.

येथे एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे. आपल्याकडे लेप्य मूर्ती इतक्या थोड्या का उरल्या? पाऊस आणि वाळवी ही दोन कारणे आहेतच; या कुळगीच्या पावसात लाकडी खांबसुद्धा कुजतो, तेथे लगद्याचे काय? परंतु तिसरे कारण आपणच आहोत. खंडित मूर्तीचे विसर्जन करावे हा आपला आचार. भंगलेल्या मूर्तीत देवत्व राहत नाही, ते काढून घेऊन जुना देह जळात सोडावा, ही भावना थोर आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यामुळे घडते असे की पाषाण आणि धातू टिकतात, आणि लाकूड, लेप, चित्र यांतील कारागिरी पिढीगणिक पाण्यात जाते. केरळात विद्या टिकली ती मूर्ती टिकविल्यामुळे नव्हे, तर ती पुन्हा घडविणारी घराणी आणि त्यांची शास्त्रे टिकल्यामुळे. जेथे घराणे तुटले तेथे विसर्जनानंतर हाती काहीच राहत नाही.

मेक्सिकोत या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. हालिस्को प्रांतातील सान हुआन दे लोस लागोस येथील मातेची लहानशी मूर्ती याच भेंडाची. सतराव्या शतकाच्या आरंभी ती किडीने इतकी खराब झाली होती की वेदीवरून काढून सामानाच्या खोलीत ठेवली होती. १६२३ साली, आख्यायिका अशी, कसरती करणाऱ्या एका कुटुंबाची मुलगी सुऱ्यांवर पडून मेली. एका वृद्ध मूळनिवासी बाईने ती टाकलेली मूर्ती आणून मुलीच्या छातीवर ठेवली आणि मुलगी उठून बसली. मग ती मूर्ती दुरुस्तीसाठी ग्वादालाहारा शहरी नेली. दोन अनोळखी तरुणांनी काम केले आणि मजुरी न घेताच ते नाहीसे झाले. चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की खोलीत टाकलेली मूर्ती आजही दुरुस्त होऊन पुजली जात आहे आणि दर फेब्रुवारीत लक्षावधी यात्रेकरू तिच्याकडे पायी जातात. त्सिंत्सुन्त्सानच्या ख्रिस्ताविषयी तर लोक सांगतात की भेंडाची ती मूर्ती वाढते आहे आणि म्हणून तिची पेटी लांबवावी लागली. आपल्याकडेही कित्येक गावचा नंदी किंवा गणपती दरवर्षी तिळातिळाने वाढतो. भाविकांचे मन सर्वत्र सारखेच.

देवस्थानांच्या जीर्णोद्धाराचा हा काळ आहे. पैसा आहे, उत्साह आहे, संगमरवर स्वस्त झाला आहे. या उत्साहात गोव्यात आणि या जिल्ह्यात देवळांच्या भिंतींवरील कावीची चित्रे गिलाव्यासकट खरवडली गेली, कोरीव लाकडी खांब जळणाला गेले, जुन्या रथांची आणि लाकडी मूर्तींची विल्हेवाट लागली. ज्यांनी हे केले ते देवद्रोही नव्हते; देवाला चांगले घर द्यावे हीच त्यांची इच्छा होती. परंतु लाकूड आणि लेप म्हणजे गरिबीची वस्तू व पाषाण म्हणजे वैभव, हा समज शास्त्राने दिलेला नाही. तो कोठून आला याचा शोध महाजनांनी घ्यावा. निदान विसर्जनापूर्वी जुन्या मूर्तीची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, ती कोणत्या लाकडाची, कोणत्या लेपाची, रंग कोणता, हे वहीत लिहून देवस्थानच्या दप्तरी ठेवावे. त्याला खर्च काही नाही. एक चिकाटीचा कारकून लागतो. आणि जेथे लाकडी देवाला नुसतीच कीड लागली आहे, तेथे पाथरवटाकडे जाण्यापूर्वी गुडिगाराकडे किंवा चिताऱ्याकडे जावे.

भेंडाच्या मूर्तींची कला आज मेक्सिकोत अगदी बंद पडलेली नाही. पात्स्कुआरोच्या परिसरात काही कारागीर अजून मक्याची ताटे सोलतात. आणि जुन्या मूर्ती फिरतात. ग्वादालाहारा शहराला लागून असलेल्या सापोपानची माता त्यांपैकीच. अठराव्या शतकात वादळे, विजा आणि रोगराई यांपासून रक्षण व्हावे म्हणून तिला पावसाळ्यात शहरात आणण्याची प्रथा पडली. उन्हाळा सरता सरता ती देवळातून निघते, पावसाळाभर शहरातील एका देवळातून दुसऱ्या देवळात मुक्काम करीत राहते, आणि १२ ऑक्टोबरला पहाटे आपल्या घरी परत निघते. पुढे पिसांचे मुकुट घातलेले नर्तकांचे ताफे, मागे लक्षावधी माणसे, आणि रस्त्यावर रात्रभर जागलेली कुटुंबे. या यात्रेला २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्या मूर्तीसाठी एवढे मोठे शहर पहाटे उठते तिची उंची जेमतेम चौतीस सेंटिमीटर आहे.